मृत्युपत्राचं बोलणं सुरू करून देणारं नौपाड्यातलं ऑफिस

ठाण्यात नौपाड्याला, गोखले रोडच्या एका आतल्या गल्लीत, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एका वकीलबाईंचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. माझ्या आई-बाबांची मृत्युपत्रं तिथे झाली. बाईंचं नाव मी देत नाही, कारण बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलांना जाहिरातीची मनाई आहे, आणि मी लिहिणार म्हटल्यावर त्यांनी स्वतःच नाव घालू नका असं सांगितलं. तरीही लिहिते आहे. मृत्युपत्र टाइप करून देणारे कोर्ट नाक्यावर पावलापावलावर भेटतात. ज्या घरात हा विषय ओठांवरच येत नाही, त्या घराला बोलतं करणारं माणूस मुश्किलीने मिळतं, आणि ते कसं ओळखायचं हे मला आता थोडंफार सांगता येईल.

मी निवृत्त होईपर्यंत एका सहकारी बँकेच्या ठेव विभागात होते. मयत खातेदारांचे दावे माझ्या टेबलावर यायचे. नवरा जाऊन महिना झालेला, हातात कापडी पिशवी, पिशवीत मुदत ठेवींच्या पावत्या आणि विम्याचे हप्ते भरल्याच्या चिठ्ठ्या, आणि "यातलं काय काय चालू आहे बघता का हो? ह्यांनी कधी सांगितलंच नाही" हा प्रश्न. कित्येकींच्या मागे दीर किंवा मुलगा उभा असायचा आणि बाईंना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तोच द्यायचा. मी आतल्या बाजूला बसून फॉर्म पुढे सरकवण्यापलीकडे काही करू शकत नव्हते, आणि त्याचा मला फार त्रास व्हायचा.

लोकांना वाटतं नॉमिनी लावला की काम झालं. नॉमिनी पैसे स्वीकारतो. मालकी वारसांची असते किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव आहे त्याची. बँकेतल्या ठेवींबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हे स्पष्ट केलं. शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दल डिसेंबर २०२३मध्ये पुन्हा तेच सांगितलं, आणि तो खटला 'कालनिर्णय'च्या जयंत साळगांवकरांच्या मागे राहिलेल्या गुंतवणुकीवरून उभा राहिलेला होता. सोसायटीतल्या फ्लॅटचंही तसंच. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्याप्रमाणे नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद. नोव्हेंबर २०२५पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, ही सोय चांगलीच आहे, पण चार नावं लिहिली म्हणून चारजण मालक होत नाहीत.

हे सगळं मला तोंडपाठ होतं आणि माहेरी मात्र शब्द फुटत नव्हता.

आई-बाबा वाशीला राहतात. बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत होते, आता वय ८४. आई ७९. राहतं घर सिडकोचं, शिवाय काही ठेवी, आईचे दागिने आणि रत्नागिरीकडे वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा. भाऊ अमेरिकेत, मी पाचपाखाडीत. भांडण कुणाचंच नाही. आणि हीच बाबांची ढाल होती. "ज्यांच्यात भांडणं आहेत त्यांनी करावीत मृत्युपत्रं. आपल्यात काय आहे?" असं म्हणून ते पेपर उघडायचे. आईचा सूर वेगळा. "दिवेलागणीला असलं काही बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते," आणि लगेच विषय भाजीवर. सकाळी काढला तर सकाळी सकाळी कशाला, पितृपक्षात काढला तर तोबा, दिवाळीत तर नावच नको. वर्षातला कुठलाच दिवस त्या बोलण्याला योग्य नव्हता.

माझी खरी अडचण त्याहून खोल होती. मी मुलगी. आमच्याकडे, आणि आमच्यासारख्या पुष्कळ घरांत, लग्न झालेल्या मुलीने वडिलांच्या घराचा विषय काढला की तिचा डोळा माहेरच्या मिळकतीवर आहे असं गृहीत धरतात. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी दोघं पहिल्या वर्गातले वारस, वाटा सारखा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. आणि आजही तेराव्याच्या आसपास बहिणींपुढे हक्कसोडपत्र सरकवलं जातं, बहिणी साडीचोळी घेऊन सही करतात, आणि त्याला समजूतदारपणा म्हणतात. माझ्या आत्यांनी अशाच सह्या केल्या. एकीला त्या पैशांची फार गरज होती. हे मी लहानपणी ऐकलेलं आहे, म्हणून बाबांशी बोलताना माझा आवाज बसायचा.

घुसमट फुटली ती भावामुळे. तो सॅन फ्रान्सिस्कोजवळ डेली सिटीत राहतो. त्या गावात फिलिपिनो लोकांची मोठी वस्ती आहे आणि भावजय त्यातलीच, नर्स आहे. तिचे वडील तीन वर्षांपूर्वी गेले, आई आधीच गेलेली. वडिलांनी जन्मभर पोस्टात नोकरी करून डेली सिटीत घर घेतलं, फिलिपिन्समधल्या इलोइलो प्रांतात थोडी जमीन ठेवली, आणि दोन्हींबद्दल कागदावर एक ओळ लिहिली नाही. ती विचारायची तेव्हा ते म्हणायचे, मी जावं अशी घाई आहे का तुला? मोठ्यांना असं विचारणं म्हणजे त्यांनी केलेल्या उपकारांची जाण नसणं, ही त्यांच्याकडची समजूत. भाऊ हे फोनवर सांगत होता आणि मला बाबाच बोलताहेत असं वाटत होतं.

त्यांच्यात माणूस गेलं की नऊ रात्री सगळे जमून जपमाळ म्हणतात, चाळिसाव्या दिवशी पुन्हा प्रार्थना आणि जेवण. आपला दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध. मेल्यानंतर काय करायचं हे दोन्ही घरांत लहान मुलालाही ठाऊक; आधी काय करायचं याची मात्र कुणाला सवय नाही.

चाळीस दिवस झाल्यावर कागद निघाले. घर एकट्या वडिलांच्या नावावर, तिथे कोर्ट टाळण्यासाठी करतात तो ट्रस्टही केलेला नाही, म्हणजे कोर्टातून वारसा लावून घेणं आलं. कॅलिफोर्नियात या कामाची वकिलाची कमाल फी कायद्यानेच ठरवलेली आहे: पहिल्या एक लाख डॉलरवर ४ टक्के, पुढच्या एक लाखावर ३, त्यापुढच्या आठ लाखांवर २. दहा लाख डॉलरच्या घराला ही फी २३ हजार डॉलर होते, आणि मिळकतीची व्यवस्था पाहणाराही तेवढीच मागू शकतो. त्यात घरावरचं कर्ज वजा धरत नाहीत, पूर्ण किंमत धरतात. इलोइलोच्या जमिनीसाठी वेगळीच वाट. तिथे कोर्टात न जाता वाटणी करायची तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, वाटणीची नोटीस वर्तमानपत्रात सलग तीन आठवडे द्यावी लागते आणि ६ टक्के वारसा कर भरावा लागतो. जमीन कसणारे काका म्हणाले, ती आम्हाला तोंडी दिली होती. खरंही असेल. सांगणारं माणूस आता नाही. भावजयीचं आणि तिच्या चुलत भावंडांचं बोलणं तेव्हापासून बंद आहे, आणि ती दर महिन्याला त्यातल्याच एकाच्या मुलीची कॉलेजची फी पाठवत होती.

हे सगळं झाल्यावर भावाने स्वतः बाबांना फोन लावला आणि म्हणाला, "बाबा, ताई विचारत नाहीये, मी विचारतोय." या एका वाक्याने माझं अर्धं ओझं उतरलं. ज्या घरात बहीण विचारू शकत नाही तिथे भावाने पहिला शब्द काढावा, ही माझी सगळ्या भावांना कळकळीची विनंती आहे.

आधी आम्ही एका ऑनलाइन सेवेचा फॉर्म उघडून पाहिला. सगळा इंग्रजीत, आणि पहिल्याच पानावर मृत्यूनंतर कोणाला किती टक्के याचे चौकोन. बाबांनी चष्मा काढून ठेवला. शिकलेल्या, तरुण, एकट्या माणसाला ती सोय पुरत असेल. ८४ वर्षांच्या माणसाकडून सुरुवातीलाच टक्केवारी मागणं मला क्रूर वाटलं. मग बँकेतल्या एका मैत्रिणीने नौपाड्याच्या बाईंचं नाव सांगितलं.

ऑफिसला लिफ्ट नाही आणि बाबांच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, म्हणून बाई वाशीला घरी आल्या. त्या बसल्या, चहा घेतला, आणि मृत्युपत्राबद्दल काहीच बोलल्या नाहीत. भिंतीकडे बघत म्हणाल्या, "काका, हे घर तुम्हाला लागलं कसं?" बाबा सावरून बसले. मग सिडकोचा अर्ज, सोडत, भरलेले हप्ते, आजूबाजूला नुसती खाडी आणि चिखल, पूल ओलांडून मानखुर्दला जाऊन लोकल पकडायची, वाशीला रेल्वे आली ती १९९२ साली, हे सगळं निघालं. कपाटातून फाइल आली. वाटपपत्र, करारनामा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. बाई एकेक कागद हातात घेऊन वाचत होत्या आणि मधेमधे विचारत होत्या, "काकूंचं नाव यात का नाही घातलं तेव्हा?", "हप्ते कुणाच्या पगारातून गेले?" बाबा म्हणाले, पगार माझा, पण दोन वर्षं हिच्या शिवणावर घर चाललं, कंपनीत संप होता. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हे वाक्य तिने बाबांच्या तोंडून परक्या माणसासमोर बहुधा पहिल्यांदाच ऐकलं. तासभर झाला आणि मग बाईंनी अगदी सहज विचारलं, "मग काका, एवढ्या कष्टाचं घर, याचं पुढे काय व्हावं असं तुमच्या मनात आहे?" बाबांनी उत्तर दिलं. सरळ, न चिडता, जणू त्यांचं ते ठरलेलंच होतं आणि कुणी नीट विचारलं नव्हतं.

या सेवेत पैसे कशाचे, तर याचे. कलमं कुणीही लिहील.

त्यानंतर बाईंनी मला बाहेर जायला सांगितलं. "ताई, तुम्ही खाली एक फेरी मारून या." मला क्षणभर लागलं. नंतर त्यांनी कारण समजावलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवण्याजोगं आहे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार, त्यानेच वकील आणला, मजकूर सांगितला, सहीच्या वेळी शेजारी उभा राहिला, तर उद्या कोर्ट त्या मृत्युपत्राकडे संशयाने पाहतं. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली एका निकालात संशयास्पद परिस्थितीचा हा मुद्दा मांडला आणि आजही तोच धरून चालतात. वकील ठरवून देण्याचं काम भावाने ईमेलवर केलं, फी बाबांनी स्वतःच्या चेकने दिली, मजकूर ठरताना आम्ही दोघंही भावंडं खोलीत नव्हतो. आईशीही त्या वेगळ्या बोलल्या, बाबांना बाहेर बसवून. बाबांना ते आवडलं नाही. बाई हसून म्हणाल्या, "काका, तुमचं मी काकूंना सांगितलं का?"

आईचं म्हणणं होतं, माझं काय आहे, सगळं ह्यांचं. बाईंनी दागिन्यांचा विषय काढला. हिंदू स्त्रीच्या नावावरचं, तिला मिळालेलं, तिने कमावलेलं, ते तिच्या पूर्ण मालकीचं, कायद्यानेच. मग डबा उघडला. पाटल्या, ठुशी, मोत्यांची नथ, आजीची मोहनमाळ, आणि शिवणाच्या पैशातून घेतलेल्या दोन अंगठ्या. आईने प्रत्येक वस्तूची गोष्ट सांगितली आणि प्रत्येकीला धनी नेमला. नथ भावजयीला. "ती आपल्या पद्धतीने नेसली होती लग्नात, तिला शोभेल." अंगठ्या माझ्या मुलीला, कारण ती नोकरी करते आणि "स्वतःच्या कमाईच्या वस्तूची किंमत तिला कळेल." बाईंनी प्रत्येक दागिन्याचं वर्णन आणि फोटो यादीला जोडायला लावले, म्हणजे उद्या 'कुठली मोहनमाळ' हा प्रश्न राहत नाही. आईचा चेहरा त्या दुपारी उजळलेला होता. हा विषय अशुभ म्हणणारी ती हीच आई होती, आणि दागिने कुणाला द्यायचे हे सांगताना तिला एकदाही तिन्हीसांजेची आठवण झाली नाही.

बाईंनी एकत्र मृत्युपत्र करू दिलं नाही. दोघांची दोन, वेगवेगळी. घराबाबत बाबांना आधी वाटत होतं की आईने हयातभर राहावं आणि मग मुलांना मिळावं. बाईंनी त्यातला धोका दाखवला: उद्या इमारतीचा पुनर्विकास निघाला, वाशीत जिकडेतिकडे निघतोच आहे, तर नुसता राहण्याचा हक्क असलेल्या बाईची सही कोण धरणार? बाबांनी मग घर पूर्णपणे आईला दिलं, आणि ती आधी गेली तर आम्हा दोघांना निम्मं निम्मं. आम्हा दोघांना. हे त्यांनी स्वतः, कुणी न सांगता, म्हटलं, हे बाईंनी मला नंतर कळू दिलं. बाबा म्हणाले होते, "माझ्या बहिणींकडून मी सही घेतली होती. मुलीवर ती वेळ येऊ नये." मी या वाक्यावर अजून काही लिहू शकत नाही.

घर नावावर करताना सोसायटीबरोबर सिडकोकडेही नोंद लागते, कारण खालची जमीन ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावरची आहे. नवी मुंबईत घर असलेल्यांनी हे वकिलाला आपणहून विचारावं. भाऊ अमेरिकन नागरिक झाला तरी त्याला इथलं घर वारशाने घेता येतं. विकलं तर पैसे एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांच्या इथल्या खात्यात आणि तिथून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर. रत्नागिरीच्या जमिनीचा सात-बारा मात्र चुलत्यांच्या नावांनी भरलेला आहे, वाटणी झालेलीच नाही. तिथे बाबांना फक्त स्वतःचा अविभक्त हिस्सा देता येतो. तो त्यांनी गावी राहणाऱ्या पुतण्याला दिला, कारण बाग तोच सांभाळतो. भावजयीला हे कळलं तेव्हा ती फोनवर बराच वेळ गप्प होती. तिच्या वडिलांनी इलोइलोच्या जमिनीबद्दल एवढी एक ओळ लिहिली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. मसुदा यायला फार वेळ लागला, सांगितलेल्या तारखेच्या कितीतरी पुढे. ऑफिसात टाइप करणारा एकच मुलगा आहे, कोर्टाचं काम निघालं की बाकीचं मागे पडतं. पहिल्या मसुद्यात बाबांच्या आधार कार्डावरचं आणि शेअर सर्टिफिकेटवरचं नाव जुळत नव्हतं आणि एका ठेवीच्या पावतीचा नंबर चुकलेला होता. बँकेतल्या सवयीने मी आकडे तपासते म्हणून सापडलं. ज्याला ती सवय नाही त्याच्या हातून निसटेल. अशा कागदात नंबरची चूक राहणं ही लहान बाब नव्हे, आणि हे मी बाईंना तोंडावर सांगितलं. त्यांनी दुरुस्त करून दिलं, कुरकुर न करता. भाषेबद्दल मात्र शंभर टक्के समाधान. "सबब", "येणेप्रमाणे", "तहहयात" असले शब्द जिथे लागतात तिथेच, बाकी बाबांना एका वाचनात कळेल असं साधं मराठी. बाईंनी पूर्ण मसुदा बाबांना मोठ्याने वाचायला लावला. जिथे ते अडखळले तिथे वाक्य बदललं.

सही वाशीलाच झाली. कायद्याला दोन साक्षीदार लागतात, त्यांनी सही करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं आणि स्वतःच्या सह्या त्याच्यासमोर कराव्यात. साक्षीदार कोण, तर आमचे जुने डॉक्टर आणि सोसायटीचे माजी सचिव. दोघांनाही मृत्युपत्रातून काही मिळायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांनी मानसिक स्थिती ठीक असल्याचा दाखला दिला. कायदा तो मागत नाही, पण ८४व्या वर्षी असलेला बरा. साक्षीदार बाबांहून तरुण असावेत, ही बाईंची सूचना साधी आहे आणि पुष्कळांच्या डोक्यात येत नाही.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. साध्या कागदावर चालतं. नोंदणीही सक्तीची नाही, पण आम्ही केली. दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो, अंगठ्याचे ठसे, साक्षीदारांची ओळखपत्रं. सरकारी फी शंभर रुपये, वर पानांप्रमाणे हाताळणीचे थोडे. तिथे बाबांना उभं राहायला लागू नये म्हणून बाईंनी आधीच वेळ ठरवून ठेवली होती आणि स्वतः हजर होत्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी निबंधक घरी येऊ शकतो, अशी तरतूद नोंदणी कायद्यात आहे, तो अर्जही त्या करून देतात. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून सिद्ध करून घेणं, सक्तीचं नाही, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं. उगाच घाबरवून काम वाढवलं नाही.

फी: दोन्ही मृत्युपत्रांचे मिळून १८,००० रुपये, घरी येण्याचे वेगळे २,०००. कोर्ट नाक्यावर दोन-तीन हजारांत कागद तयार होतो हे मला माहीत आहे. घरातलं बोलणं आधीच झालेलं असेल, मिळकत साधी असेल, तर तिथे जा, पैसे वाचवा. बोलणं अडलेलं असेल तर हे १८,००० मला कमी वाटतात. पुढे बदल करायचा झाला तर पुरवणीचे पैसे वेगळे आहेत आणि तो दर त्यांनी आधी सांगितला नाही, मी विचारल्यावर सांगितला. तो विचारून घ्या.

अजून दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. बाई परदेशातल्या मिळकतीचं काम करत नाहीत आणि तसं पहिल्याच दिवशी सांगतात. भावाने आणि भावजयीने आता डेली सिटीतल्या त्यांच्या घराचा ट्रस्ट करायला तिथलाच वकील गाठला आहे. मुलं लहान आहेत, म्हणून पालक कोण हेही त्यात लिहिणार आहेत. दुसरं, ज्या घरात आधीच कोर्टकचेरी चालू आहे ती घरं त्या घेत नाहीत. त्यांची ताकद बोलायला लावण्यात आहे, आणि एकमेकांच्या दारात न जाणाऱ्यांना समोरासमोर बसवण्याचा दावा त्या करत नाहीत.

विनापत्य बायकांनी तर उशीर करूच नये. मृत्युपत्र नसेल आणि नवराही हयात नसेल, तर स्वतः कमावलेली मिळकतसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, आई-वडिलांचा नंबर त्यानंतर. माझ्या ओळखीतल्या दोन नोकरदार मैत्रिणींना हे ऐकून धक्का बसला आणि त्या बाईंकडे गेल्या आहेत.

जाताना काय न्यायचं: घराचा करारनामा आणि शेअर सर्टिफिकेट, सात-बारा असल्यास ताजा उतारा, बँक, डिमॅट आणि पोस्टातल्या खात्यांची यादी, दागिन्यांचे फोटो, आणि सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का ते आधी तपासून. शनिवारी गर्दी असते, मधल्या वारी दुपारी चारनंतर जा. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, स्टेशनवरून चालत दहा मिनिटं. जिना चढवत नसेल तर फोनवरच सांगा, त्या घरी येतात.